गावचा माणूस शहरातल्या गुंडांना भिडतो, असे तमिळ पिक्चर बाबांसाठी सुचवा. आणि त्यातलं गाव खरं असतं का?

मृगबहार (मनीषनगर, नागपूर)

नमस्कार. प्रश्न पिक्चरचा आहे, पण थोडं घरचं सांगितल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही.

माझे बाबा ७१ वर्षांचे. नरखेड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, त्यांचा सारा जन्म तिथेच गेला. आई वारल्यावर मी त्यांना नागपूरला घेऊन आले. बाग आता ठोक्याने देतो. फ्लॅटमध्ये त्यांना हाताला काम नाही, म्हणून दुपारचं जेवण झालं की टीव्हीसमोर बसतात आणि हिंदीत डब केलेले साउथचे मारधाडीचे पिक्चर पाहतात. गोष्ट बहुतेक वेळा एकच. गावाकडचा धिप्पाड माणूस, पांढरी लुंगी, भरघोस मिशा, शहरात येतो आणि तिथल्या गुंडांची हाडं मोडतो.

हे त्यांना इतकं का आवडतं, ते मला माहीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी बेसा भागात एक प्लॉट घेतला होता, म्हातारपणी नागपुरात राहता येईल म्हणून. लेआउटवाल्याने तोच प्लॉट दुसऱ्यालाही विकला. बाबा विचारायला गेले तेव्हा ऑफिसात बसलेल्या पोरांनी त्यांना साधं बसा म्हटलं नाही. एकाने खांद्यावर हात ठेवून त्यांना दारापर्यंत आणून सोडलं आणि म्हणाला, "काका, गावाकडं जा, संत्री मोजा." मी तेव्हा कॉलेजात होते, सोबतच होते. घरी पोचेपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. प्लॉट गेला तो गेलाच.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याजवळ बसून अजित कुमारचा 'विश्वासम' पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातलं कोडुविलारपट्टी गाव. तिथला तूक्कुदुरै, राइस मिलचा मालक, पंचक्रोशीत वट असलेला. मुंबईहून वैद्यकीय शिबिरासाठी आलेल्या डॉक्टरणीशी त्याचं लग्न होतं, मुलगी होते. त्याच्या भांडणांपायी एकदा लेकरावर बेततं आणि बायको मुलीला घेऊन मुंबईला निघून जाते. दहा वर्षांनी गावची जत्रा भरणार असते, तिला बोलवायला तो मुंबईत येतो, तर मुलीच्या जिवावर गुंड उठलेले. मग आपण बाप आहोत हे न सांगता तो तिचा रखवालदार होऊन राहतो.

मला वाटलं होतं बाबा मारामारीची वाट पाहत असतील. पण ते म्हणाले, "गावात याले सारे वळखत होते. इथं याले कोनी इचारून नाही राहिलं." आणि मग जाहिराती लागल्या तसे प्रश्न सुरू झाले. हे गाव कुठं आलं? राइस मिल म्हणजे धान पिकते तिथं, मंग एवढं पानी कुठून येते? जत्रा कोनत्या देवाची? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

तर विचारायचं हे, की या पिक्चरांतलं गाव खरं असतं का, की नुसता सेट? आणखी कोणते पाहावे, ज्यात गावही नीट दाखवलंय, नुसती तोडफोड नाही? आणि डब पाहावा की मूळ तमिळ? बाबा मराठी पेपर रोज वाचतात, पण खाली पळणारी इंग्रजी अक्षरं त्यांना जमत नाहीत.

---

पहिला_शो (धंतोली)

ताई, थोडक्यात यादी देतो.

'संडकोळी', २००५ चा. लिंगुसामी दिग्दर्शक, विशाल हिरो, बापाच्या भूमिकेत राजकिरण. यात उलटं आहे. मदुरैकडचा पोरगा मित्राच्या घरी चिदंबरमला जातो, तिथल्या एका गुंडाला बदडून परत येतो. गुंड सूड घ्यायला त्याच्या गावी पोचतो, आणि तिथे त्याला कळतं की या पोराचा बाप कोण आहे. राजकिरण नुसता खाटेवर बसलेला असला तरी दरारा वाटतो. बाबांना हा शंभर टक्के आवडेल.

'अन्नात्ते', २०२१ च्या दिवाळीचा, रजनीकांतचा. तंजावरकडच्या गावचा मोठा भाऊ, कोलकात्यात अडचणीत सापडलेली बहीण, तिला कळू न देता तो तिच्या पाठीशी उभा राहतो. दिग्दर्शक शिवा, 'विश्वासम'चाच, आणि साचाही तोच. माझ्या मते 'विश्वासम' कितीतरी सरस आहे. पण रजनीला पडद्यावर पाहायचं म्हणून पाहावा. शिवाजीराव गायकवाड हे त्याचं मूळ नाव, घर मराठी, हे बाबांना आधी सांगा.

'वेंदु तनिंददु काडु', २०२२. गावचा पोरगा पोटासाठी मुंबईत येतो, तमिळ माणसाच्या परोट्याच्या दुकानात कामाला लागतो आणि टोळीच्या भांडणात ओढला जातो. गौतम मेनन दिग्दर्शक, रहमानचं संगीत. हा संथ आहे. यात हिरो येऊन सगळं ठीक करत नाही, हळूहळू तोच बदलत जातो. दुपारच्या डुलकीच्या वेळी लावू नका.

---

गाठीवाला (इतवारी)

ताई, तुमच्या बाबांचे प्रश्न वाचले आणि राहवलं नाही, म्हणून मोठं लिहितो.

मी रुईच्या गाठींच्या धंद्यातला. आपल्या हिंगणघाट, वणी, आर्वीकडच्या जिनिंगमध्ये बांधलेल्या गाठी, १७० किलोची एक, तमिळनाडूच्या सूतगिरण्यांना जातात. कोइम्बतूर, दिंडीगल, राजपालयम. उमेदीची वर्षं माझी तिकडेच गेली. ट्रक पोचला की नमुना काढायचा, ओल आणि कचरा यावरून गिरणीवाला भाव पाडतो त्याच्याशी हुज्जत घालायची, राहिलेले पैसे काढायचे. नागपूरहून जीटी एक्सप्रेसने चेन्नई, तिथून रात्रीच्या गाडीने मदुरै. पैसे अडकले की चार-चार दिवस मुक्काम पडे, मग तिकडचे ओळखीचे लोक आपल्या गावी घेऊन जात. असाच थेनीकडे फिरलो.

बाबांचा पाण्याचा प्रश्न हा सगळ्यात मोलाचा आहे. थेनी म्हणजे पश्चिम घाटाच्या पूर्वेच्या पायथ्याचा जिल्हा, १९९६ साली मदुरैतून वेगळा केलेला. घाटाच्या पलीकडे केरळ, तिथे धो धो पाऊस. अलीकडे पर्जन्यछाया, आपल्या मराठवाड्याला असतो तसा कोरडा पट्टा. पेरियार नदी घाटावर उगम पावते आणि पश्चिमेला केरळातून समुद्राला मिळते. पेनीक्विक नावाच्या इंग्रज इंजिनिअरने त्या नदीवर धरण बांधलं, १८९५ मध्ये ते पुरं झालं, आणि डोंगराच्या पोटातून बोगदा काढून पश्चिमेला जाणारं पाणी पूर्वेला वळवलं. ते पाणी कंबमच्या खोऱ्यात उतरतं आणि वैगै नदीला मिळतं. तेच मुल्लपेरियार, ज्यावरून तमिळनाडू आणि केरळ यांचं अजून भांडण चालू आहे. त्या पाण्यावर खोऱ्यात धानाची दोन पिकं निघतात, वर द्राक्षं. तिथल्या शेतकऱ्यांच्या घरात देवांच्या रांगेत या पेनीक्विकची तसबीर मी डोळ्यांनी पाहिली आहे. पोंगलच्या सणाला त्याच्या नावाने पोंगल, म्हणजे गुळाचा भात, शिजवतात. लोअर कॅम्पला त्याचं स्मारक आहे, पुतळ्यासह.

म्हणजे तूक्कुदुरैची राइस मिल हौसेने आणून ठेवलेली वस्तू नाही. त्या खोऱ्यात ज्याच्याकडे मिल, त्याच्याकडे सगळ्यांचं धान येणार, सगळ्यांची उधारी-उसनवारी, लग्नं, भांडणं त्याच्या ओट्यावर मिटणार. गावात त्याला जी वट आहे ती अशी आलेली आहे. पिक्चर हे भाषण करून सांगत नाही. ज्याने शेती केली त्याला ते दिसतं, आणि तुमच्या बाबांना ते दिसलं.

आता जत्रा. त्या मुलखात गावाच्या शिवेवर अय्यनार आणि करुप्पसामी हे राखणदार देव असतात. मातीचे मोठाले रंगवलेले घोडे, बाजूला मिशा पिळलेला करुप्पसामी, हातात अरुवाळ. अरुवाळ म्हणजे टोकाला वाकलेला लांब कोयता. नवस फेडायला लोक लोखंडाचे अरुवाळ वाहतात, काही ठिकाणी ते देवापुढे रांगेने जमिनीत रोवलेले असतात. तमिळ पिक्चरमध्ये गावचा हिरो कोयता घेऊन शिवेवर उभा राहतो ना, ते रूप मला या देवाचंच वाटतं. तिथल्या प्रेक्षकाला ते कोणी समजावून द्यावं लागत नाही. आणि जत्रेला तिरुप्पूर, चेन्नई, मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेलं सारं गाव परत येतं. आपल्याकडे पोळ्याला येतात तसं. जत्रेत बायको सोबत नाही, हे तूक्कुदुरैचं दुःख म्हणून चारचौघांत उघडं पडतं. त्यासाठीच तो मुंबईची वाट धरतो, गुंडांना मारायला नाही.

आणखी एक गोष्ट बाबांना सांगा. तमिळ सिनेमात खरं गाव आणणारी माणसं याच थेनी जिल्ह्यातली. दिग्दर्शक भारतीराजा अल्लीनगरमचे, संगीतकार इळैयराजा पन्नैपुरमचे. १९७७ मध्ये भारतीराजांनी '१६ वयथिनिले' काढला तेव्हा स्टुडिओतलं रंगवलेलं गाव सोडून कॅमेरा खऱ्या गावात नेला. कमल, श्रीदेवी, रजनी, तिघेही त्यात आहेत. त्याच्यानंतर गावाचा पिक्चर काढायचा तर गाव खरं दिसायला पाहिजे, ही अपेक्षा प्रेक्षकांनाच लागली. पुढे १९९२ मध्ये 'तेवर मगन' आला, कमल हासन आणि शिवाजी गणेशन. हिंदीत त्याचाच 'विरासत' झाला, तो बाबांनी पाहिलाच असेल. शहरात शिकलेला पोरगा गावात परत येतो आणि बापाच्या जागी बसावं लागतं, ही त्याची गोष्ट.

डबबद्दल माझं मत कडक आहे. टीव्हीवर हे पिक्चर दाखवताना गाणी कापतात, जत्रा कापतात, नातेवाइकांच्या गप्पा कापतात. मारामारी मात्र एक कापत नाहीत. शिवाय तूक्कुदुरै मदुरैकडची खेडवळ तमिळ बोलतो, मुंबईचे लोक वेगळे बोलतात, डबमध्ये सगळे एकाच छापाची हिंदी बोलून राहिले. 'विश्वासम'मध्ये बापाने लेकीसाठी म्हटलेलं 'कण्णान कण्णे' गाणं आहे, सिद श्रीरामने गायलेलं. डी. इम्मान यांना या पिक्चरच्या गाण्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते गाणंच कापलं, तर तो माणूस मुंबईत इतक्या लोकांशी कशासाठी भिडतो हे प्रेक्षकाला कसं कळणार?

आणि पाहा, यातला खलनायक दादा-भाई नाही. तोही एक बापच आहे, पैसेवाला. त्याची मुलगी धावण्याच्या शर्यतीत या मुलीकडून हरली, तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, म्हणून तो दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर उठला. गुंड त्याने भाड्याने आणलेले. शेवट ठोशांवर होत नाही, एक बाप दुसऱ्या बापाला बोलतो त्यावर होतो. हे मला फार मोठं वाटतं. मारधाडीच्या पिक्चरमध्ये हिरोने हात थांबवून बोलणं सोपं नसतं, समोर शिट्या मारायला आलेले हजार लोक बसलेले असतात.

म्हणून मूळ तमिळच लावा. अक्षरं वाचायची बाबांना गरज नाही, तुम्ही बाजूला बसा आणि मराठीत सांगत जा. मारामारी ते टीव्हीवर रोज पाहतात. तिच्या आधीचा तास त्यांना दाखवा.

---

कामठी_रोड (इंदोरा)

गाठीवाले काका, तुमचं लिहिलेलं मनापासून आवडलं, पाण्याची माहिती तर मला नवीनच होती. पण एक बाजू राहून गेली आणि ती नागपूरच्या धाग्यावर तरी राहू नये.

मिलच्या ओट्यावर सगळ्या गावाची भांडणं मिटतात, असं तुम्ही लिहिलं. त्या ओट्यावर चढायची परवानगी कोणाला होती? या पिक्चरांतला गावचा मोठा माणूस जवळजवळ नेहमी जमीनदार, वरच्या घरचा. तो दयाळू असतो, सगळे त्याच्या पाया पडतात, आणि वाईट माणसं फक्त शहरातून येतात. माझी आजी भंडाऱ्याकडचं गाव सोडून एम्प्रेस मिलमध्ये कामाला आली. १८७७ साली सुरू झालेली ती मिल आमच्या कित्येक घरांची अन्नदाती होती. आजीला गाव सोडल्याचं दुःख नव्हतं. इथे तिला पगार मिळाला, नळाचं पाणी मिळालं, कोणी जात विचारून घागर बाजूला करत नव्हतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाबद्दल जे सांगितलं, संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयतेची जागा म्हणून, ते ज्यांनी सोसलं त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही गोष्ट तमिळ सिनेमानेच सगळ्यात जोरात सांगितली आहे, म्हणून तुमच्या यादीत ती हवीच.

'असुरन', २०१९, वेट्रिमारन यांचा, पूमणींच्या 'वेक्कै' कादंबरीवरून. धनुषने बापाची भूमिका केली आहे. घरची थोडकी जमीन, त्यावर डोळा ठेवलेला जमीनदार, आणि रागीट मुलांना आवरणारा, खाली मान घालून चालणारा बाप. ताई, तुमच्या बाबांना लेआउटच्या ऑफिसातून ज्या पद्धतीने बाहेर काढलं ते वाचलं आणि मला हाच पिक्चर आठवला. हा बाप भित्रा का दिसतो, ते अर्ध्यानंतर कळतं. शेवटी तो मुलाला सांगतो की जमीन असली तर हिसकावून घेतील, पैसा असला तर लुटतील, पण शिक्षण कोणी काढून घेऊ शकणार नाही. धनुषला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'विश्वासम'च्या गाण्यांना मिळाला त्याच वर्षीच्या यादीत.

'कर्णन', २०२१, मारी सेल्वराज यांचा. यात भांडण सुरू होतं बसवरून. गावाला बसथांबाच नाही. थांबा मागायचा तर शेजारच्या वरच्या जातीच्या गावाची मर्जी लागते. गरोदर बाईसाठीही बस थांबत नाही, यावरून चिडलेलं पोर दगड उचलतं. १९९५ साली तमिळनाडूतल्या कोडियंकुलम या दलितांच्या गावात पोलिसांनी घुसून जी नासधूस केली त्याची सावली या गोष्टीवर आहे. इथे गुंड शहरातून येत नाहीत, सरकारी गाडीतून वर्दी घालून येतात.

'काला', २०१८, पा. रंजित यांचा, रजनीकांत धारावीत, समोर नाना पाटेकर. गाव सोडून शहरात आलेल्या लोकांनी चिखलावर वस्ती उभी केली आणि आता बिल्डरला तीच जमीन पाहिजे. मराठी माणसाने हा पाहावाच. काळा रंग आणि पांढरा रंग कोणाच्या अंगावर कधी येतो ते लक्ष देऊन पाहा.

नागपूरपुरतं आणखी एक लिहितो, वाचायला जड जाईल. गुंडाला भिडणं काय असतं हे या शहराने पाहिलं आहे. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरच्या बायकांनी त्यांना वर्षानुवर्षं छळणाऱ्या गुंडाला जिल्हा न्यायालयात ठार मारलं. तक्रारी करून थकलेल्या होत्या त्या. पुढे २०१४ मध्ये आरोपींची निर्दोष सुटका झाली. ते घडलं तेव्हा मी शाळेत होतो, आमच्या वस्तीत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझी आई एवढंच म्हणाली, "पोलिसाईनं आधी ऐकलं असतं तर बाईले कोर्टात चटणी घेऊन जायची पाळी आली नसती." कोणी हिरो त्यांच्यासाठी शेजारच्या जिल्ह्यातून आला नव्हता. पिक्चरमध्ये एक माणूस पन्नास जणांना लोळवतो तेव्हा मला नेहमी त्या बायका आठवतात.

---

गाठीवाला (इतवारी)

कामठी_रोड भाऊ, तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि मी पाहिलेलंही लिहितो. दिंडीगलकडच्या एका खेड्यात चहाच्या टपरीवर दोन प्रकारचे ग्लास होते. स्टीलचे आत, आणि बाहेर खिळ्याला टांगलेले वेगळे. मी विचारलं तर माझ्यासोबतचा गिरणीचा माणूस म्हणाला, "सार, चहा घ्या, गाडीला उशीर होतो." करुप्पसामीच्या जत्रेतही कोणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असायचं. 'विश्वासम' यातलं काही दाखवत नाही, त्यातलं गाव धुतल्या तांदळाचं आहे. तरी मी तो पिक्चर सोडणार नाही, कारण त्यातला बाप खरा आहे. दोन्ही पाहावे. पण ताई, क्रम मात्र 'संडकोळी' आधी आणि 'असुरन' नंतर, असा ठेवा.

---

मृगबहार (मनीषनगर, नागपूर)

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी काकांनी सांगितल्याप्रमाणे मूळ तमिळ 'विश्वासम' लावला. मी बाजूला बसून सांगत गेले. पहिला तास पाहायला आम्हाला दोन तास लागले, कारण बाबा दर थोड्या वेळाने थांबवायला लावत होते. पेरियारचं पाणी डोंगरातून कसं वळवलं हे मी मोबाइलवर नकाशा काढून दाखवलं. त्यांनी बोटाने घाटाची रेघ गिरवली, बोगदा किती लांब, पाणी वाहत येते का चढवा लागते, असं विचारत राहिले. वाहतच येतं म्हटल्यावर म्हणाले, "मंग त्याचा फोटो लावला त बरोबरच केलं. आपल्याकडं बोअर हजार फुटावर गेली, अन् कोनाचाच फोटो लावासारखा नाही." आमच्या नरखेड-वरूड भागात पाण्याची पातळी कशी खाली गेली आहे ते तिकडच्या लोकांना माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात आमची काही झाडं वाळली, ती बाबांनी लावलेली होती.

'कण्णान कण्णे' डबमध्ये खरंच नव्हतं. मूळमध्ये ते लागलं तेव्हा मी अर्थ सांगायला गेले तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, समजून राहिलं."

कामठी_रोड दादा, तुमचं उत्तर मी बाबांना पूर्ण वाचून दाखवलं. आमच्या गावातही पाणवठ्याचं तसंच होतं, हे त्यांनी पहिल्यांदाच मला सांगितलं. ते कोणत्या विहिरीवर आणि कोणासोबत, हे नावानिशी सांगितलं. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो, ते इथे लिहीत नाही. 'असुरन' पाहू म्हणाले.

पण त्यांना बीपी आहे. 'असुरन'मध्ये रक्तपात किती आहे? कोणी आधी सांगितलं तर बरं होईल.

---

कामठी_रोड (इंदोरा)

ताई, आहे, आणि सौम्य नाही. पहिल्या भागात मोठ्या मुलाचा खून होतो आणि शेतात त्याचं शिर नसलेलं धड सापडतं. आईचा आक्रोश लांब चालतो. मागच्या काळातल्या गोष्टीत घरं पेटवलेली दाखवली आहेत. हे दोन भाग येण्याआधी बाबांना सांगून ठेवा. नको म्हटले तर पुढे सरकवा, गोष्ट कळायला अडचण येत नाही. बाप-लेक जंगलातून लपत चालतात तो भाग मात्र पूर्ण पाहू द्या, दोघांचं बोलणं तिथेच सुरू होतं.

---

गाठीवाला (इतवारी)

आणि रात्री लावू नका. सकाळी चहा-पोहे झाल्यावर लावा, मध्ये जेवायला थांबा. मराठीत अर्थ सांगायला कोणी हवं असेल तर मला कळवा. माझी तमिळ बाजारातली आहे, पण गावाकडच्या बोलण्याला पुरते. रविवारी मी रिकामाच असतो.